मधल्या स्पीकरची सर्दी

बत्तीस वर्षं स्पीकर दुरुस्त करणाऱ्या त्या मेकॅनिकला सगळे ‘कानसेन’ म्हणत. घरच्या थिएटरचे पाच स्पीकर एकाच घशातून बोलल्यासारखे जुळवावेत ते त्यानंच.

एकदा एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला बोलावलं. बाजूचे दोन उंच स्पीकर त्यांच्या यजमानांनी हौसेनं घेतलेले. टीव्हीखालचा मधला जळला, तेव्हा लेकीनं दुसऱ्याच जातीचा आणून बसवला.

“माणूस डावीकडून बोलत येतो,” बाई म्हणाल्या, “मधे पोचला की त्याला सर्दी होते, उजवीकडे गेला की बरा!”

कानसेन हसला. मधला स्पीकर त्यानं कपाटाच्या खोल कप्प्यातून ओढून कडेला आणला आणि खाली पाचर देऊन त्याचं तोंड सोफ्याकडे वळवलं. मग चाचणीचा फुसफुसणारा आवाज आळीपाळीनं तिन्ही स्पीकरमधून सोडत जुळवत बसला. तासाभरानं हात पुसत म्हणाला, “घ्या, सख्खी भावंडं झाली.”

“सर्दी गेली. पण मधला ‘स’ आणि ‘श’ टोचून बोलतो हो.”

त्यानं पुन्हा ऐकलं. पार कान टेकवून ऐकलं. तिन्ही सारखेच! ‘बाई, तुम्हाला भास होतोय,’ हे अगदी ओठांवर आलं होतं. पण जन्मभर पोरांचे उच्चार सुधारणाऱ्या बाईंना ते सांगणार कोण? आणि मग त्याला बायकोचं बोलणं आठवलं: हल्ली किल्ल्या खाली पडल्या तरी तुम्हाला पत्ता नसतो.

थाप मारून निघता आलं असतं. तो सोफ्याच्या कडेवर टेकला.

“बाई, मला ते ऐकूच येत नाहीये. वरचे बारीक आवाज गेलेत बहुतेक माझे.”

बाई म्हणाल्या, “मला येतंय ना? तुम्ही कमी करत जा, मी सांगते.”

तो मधल्याचा तिखटपणा थोडाथोडा उतरवत गेला. “अजून. अजून थोडा. अहो, आता बोबडा झाला! मागे घ्या जरा. हां, राहू द्या.”

आठवड्याभरात त्यानं कान तपासून घेतले. शंका खरी निघाली. आता कामाला जाताना तो बायकोला सोबत नेतो. पहिल्यांदा ती कुरकुरली, “मला यातलं काय कळतंय?” पण तिचा कान भलताच तयार निघाला. तिला का आणलंय, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. दोन-तीन जण त्यावरून गळाले. बाकीचे तिच्यासाठी खुर्ची ओढून देतात.