बियाण्याचा टोमॅटो
एप्रिल २००३, रविवार सकाळ. हजर सासूबाई, धाकटे दीर आणि मी. आज ऑम्लेटच्या वासानं ते आठवलं. विश्रांतवाडीचं घर बिल्डरला दिलं होतं, बागेवर पुढच्याच आठवड्यात जेसीबी फिरणार होता. सासूबाईंनी माहेरून आणलेल्या गावठी टोमॅटोचं शेवटचं फळ बियाण्यासाठी चिंधी बांधून राखलं होतं. कंपनीतून रात्रपाळी करून आलेल्या दिरांनी नेमकं तेच ऑम्लेटसाठी चिरलं. “आई, मला वाटलं माझ्यासाठीच ठेवलंय!” “हो ना, फक्त ओवाळायचं राहिलं होतं,” म्हणत सासूबाईंनी ताटलीतलं मीठ लागलेलं बी निवडलं, तीनदा धुतलं आणि वाळवून माझ्याकडे दिलं. दर जूनमध्ये मी कुंडी भरते. यंदाही भरली आहे. पण उगवलंच नाही तर, या धास्तीनं इतक्या वर्षांत पेरायचं तेवढं राहिलंय.