हसेल तो उभा राहील

गावंडे मॅडमना मी खुर्चीत बसलेलं कधी पाहिलं नाही. तास सुरू झाला की फळ्यापासून मागच्या बाकापर्यंत त्यांच्या येरझारा चालायच्या. हातातलं डस्टर या हातातून त्या हातात. आम्हाला त्या नावानं नाही, गावानं हाक मारायच्या. "ए अचलपूर, उठ. ए भातकुली, खाली काय पाहून राहिली? इंग्रजी जमिनीत पेरलं नाई." भातकुली म्हणजे मी.

अमरावतीच्या त्या कॉलेजात आले तेव्हा मला इंग्रजी वाचता यायचं, लिहिताही बऱ्यापैकी यायचं. बोलायला उठले की मात्र पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे पसार. मॅडमनी दुखणं लगेच ओळखलं. "तुले इंग्रजीचं भेव नाई. तुले हासनाऱ्याचं भेव हाये." त्याच दिवशी वर्गाला नियम लागला : हसेल तो उभा राहील, आणि इंग्रजीत बोलेल. सुरुवातीला निम्मा वर्ग उभा राहून घामाघूम झाला. मग हसू आलं की पोरं ओठ चावू लागली. कुणी अडखळलं की मॅडम शेजारी येऊन हळूच विचारायच्या, "सकाळी काय खाल्लं?" आणि गाडी पुढे सरकायची.

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. दर जूनला नेमणूक नव्यानं व्हायची, तीही संस्थेच्या सचिवांच्या मर्जीनं. घरी सासरे आजारी, नवऱ्याचं काम कधी असायचं कधी नसायचं. ही नोकरी गेली तर त्यांचे काय हाल होतील, हे आम्हा पोरींनाही ठाऊक होतं. उन्हाळा जवळ आला की त्यांच्या येरझारा वाढायच्या.

अशाच दिवसांत सचिव वर्ग बघायला आले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. ते मागच्या बाकावर बसले आणि मॅडमनी नेमकं मलाच उठवलं. मी इंग्रजीत आईबद्दल बोलत होते. ती भाजी विकते, पहाटे उठते, इथवर नीट आले आणि अडकले. भाऊसाहेब मोठ्यानं हसले. दुष्टपणानं नव्हे, सहज. पण माझे कान तापले आणि मी मटकन खाली बसले.

सगळे मॅडमकडे पाहत होते. डस्टर थांबलं होतं.

"भाऊसाहेब, आमच्या वर्गाचा एक नियम आहे जी," मॅडम म्हणाल्या. "हसेल तो उभा राहील."

त्यांना आधी ती थट्टाच वाटली. मॅडम जागच्या हलल्या नाहीत, तेव्हा ते उठले. 'माय नेम इज'पर्यंत तोऱ्यात आले आणि पुढे काही येईना. कपाळावर घाम, हात खिशात घातला, काढला, पुन्हा घातला. कुणी हसलं नाही. मला तर त्यांची दयाच आली. मॅडम शेजारी गेल्या. "सकाळी काय खाल्लं, भाऊसाहेब?"

"आय... ईट... पोहा."

आम्ही टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. त्याच बहुधा त्यांना जास्त झोंबल्या. भाऊसाहेब तडक निघून गेले.

जूनमध्ये मॅडमना नेमणूक मिळाली नाही. कारण कुणी सांगितलं नाही. मी नुसती धुमसत होते. पुढे अकोल्याच्या एका कॉलेजात त्यांना तास मिळाले, तेही तात्पुरतेच. पहिल्या दिवशी मी हट्टानं त्यांच्याबरोबर एसटीत बसले. वाटभर त्या पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या.

"मले भेव वाटून राहिलं," त्या एकदम म्हणाल्या.

"तुमाले?"

"मंग? त्या दिवशी भाऊसाहेबाले उभं केलं ना, घरी जाऊन ओकली मी. रातभर डोयाले डोया नाई लागला."

मला रडूच कोसळलं. "मंग मले बसू द्याचं होतं ना तसंच!"

"तशीच बसली असती तं पुन्हा उठलीच नसती तू, माय."

अकोल्यात नव्या वर्गाच्या दाराशी आम्ही उभ्या होतो. आत पोरांचा नुसता गलका. बेल झाली तसा मॅडमनी माझा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता, थरथरत होता. ती थरथर थांबायची वाट न पाहता त्या आत शिरल्या.