दुपारी झोपलेला राजा

जूनचा पहिला रविवार, सकाळी दहा, थेरगावला आमच्या सोसायटीचा हॉल. हजर: मी, पेटी वाजवणारे शेजारचे काका आणि आठवी ते दहावीची मुलं. गैरहजर: प्रधानाचं काम करणारा मुलगा, त्याचा क्लास होता.

जुनं तीन अंकी नाटक मी मुलांसाठी तासाभराचं केलं होतं. पदं कमी केली, लांब स्वगतं काढली. पहिला प्रवेश तसाच ठेवला, कारण तिथे हमखास हशा येतो असं काका म्हणाले. भर दुपारी राजा घोरतोय, दाराशी प्रजा खोळंबली आहे. शेवटी एक मुलगी आत शिरते, ओरडून त्याला उठवते आणि चारचौघांत त्याच्या आळसाचे वाभाडे काढते.

तालमीत प्रजा आली ती चपला हातात घेऊन, कुजबुजत. मला वाटलं, पाठांतर झालेलं नाही. उठवणारी मुलगी राजापर्यंत गेली, थांबली आणि पाय न वाजवता परत आली. नववीतली ही मुलगी दिघीहून बस बदलून यायची. भूमिका तिने मागून घेतली होती.

काय झालं, असं विचारलं.

"काकू, नाईट करून आला असेल ना तो."

बाकीच्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. बहुतेकांचे वडील चाकणला कंपनीत. नाईट शिफ्टच्या आठवड्यात दुपारी टीव्ही बंद, मैत्रीण आली तर बोलणं जिन्यात. दुपारी झोपलेला माणूस आळशी असतो, हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं.

राजा झालेला मुलगा इथल्या जुन्या गावातला. तो डोळे मिटूनच म्हणाला, "आमच्यात न्हाई असलं काय. वरड की बिनधास्त."

"तू गप झोप रे," ती म्हणाली.

काकांनी हळूच सुचवलं, भूमिका दुसरीला द्या, ती कशावरही ओरडते. दिघीच्या मुलीने ते ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. मी विचारलं, जमेल का ओरडायला? जमेल म्हणाली, पण आधी एक सांगा.

"राजा रात्रभर काय करत होता?"

मी मूळ पुस्तक चाळलं. काकांनी तरुणपणी या नाटकाला कितीदा साथ केली होती, त्यांनाही सांगता येईना. नाटककाराने ते लिहिलेलंच नाही.

भूमिका तिच्याकडेच ठेवली आणि उत्तर लिहून आणायचं कबूल केलं. पत्ते कुटत होता असं लिहिलं तर ती ओरडेल. काम करत होता असं लिहिलं तर पुढचं सगळं नाटक हलेल, आणि ते कुठे जाईल हे मलाही बघायचंय. कपडे ठरले, हॉल मिळाला. राजाची रात्र अजून लिहायची आहे.