सोनेरी कार्डावरचे तीस लिटर

आमच्याच शहरातल्या त्या मोठ्या हॉटेलात मी आणि बायको दोन रात्री राहिलो, आणि त्याचे पैसे द्यावे लागले नाहीत. आमच्या पगाराचा माणूस तिथं राहिला म्हणजे काहीतरी गडबड असणार, असं वाचणाऱ्याला वाटेल, म्हणून आधीच सांगतो. गडबड नव्हती. पॉइंट होते.

मी वाळूजच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होतो. आम्हाला सुटे भाग पुरवणारे कारखाने चेन्नई, पुणे, गुडगाव असे विखुरलेले. त्यांची तपासणी करायला महिन्यातून दोन-तीन फेऱ्या व्हायच्या. कंपनीचा एका हॉटेलसाखळीशी करार होता, त्यामुळे मुक्काम कायम त्यांच्याकडेच. पहिल्याच वेळी त्यांनी एक अर्ज भरून घेतला आणि निळं कार्ड दिलं. दर रात्रीचे त्यावर पॉइंट जमायचे, आणि पुरेसे जमले की त्यांवर फुकट राहता यायचं. वर्षात पंचवीस रात्री झाल्या की चंदेरी, पन्नास झाल्या की सोनेरी. सोनेरीवाल्याला जागा असेल तर वरच्या दर्जाची खोली, फुकट नाश्ता, दुपारी चारपर्यंत खोली ठेवायची मुभा, रोज दोन कपड्यांची धुलाई आणि दोन बाटल्या पिण्याचं पाणी. अटींची अकरा पानं होती. ती सगळी मी वाचली होती. वाचलेला दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

रात्रींची नोंद मी वहीत ठेवायचो, कारण त्यांचा हिशोब दोनदा चुकला होता. एका वर्षी डिसेंबरात माझ्या अठ्ठेचाळीस रात्री झाल्या. पुण्याच्या एका पुरवठादाराचं काम फोनवर होण्यासारखं होतं. मी प्रत्यक्ष गेलो, दोन रात्री राहिलो आणि जानेवारीत सोनेरी कार्ड घरी आलं. हे तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

ती दुष्काळाची वर्षं. जायकवाडीचा मृतसाठा उपसून शहराला पाणी देत होते. आम्ही सिडकोत राहायला आलो तेव्हा नळ दिवसाआड होता, मग चौथ्या दिवशी आला, मग आठव्या. शहर मात्र बायपासच्या पलीकडे वाढतच होतं. जिथं ज्वारी असायची तिथं सात-सात मजली इमारती, आणि त्यांच्या पाट्यांवर निळाशार पोहण्याचा तलाव रंगवलेला.

आमच्या घरचं पाणी बायको सांभाळायची. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला, आंघोळीचं संडासात. कोणत्या पिंपात कितव्या नळाचं पाणी आहे ते तिला तोंडपाठ. नळाच्या दिवशी ती घर सोडायची नाही, स्वतःच्या भावाच्या साखरपुड्यालाही गेली नव्हती. मी नंतर एकदा वही घेऊन ताळा केला. त्या वर्षी नळ पंचेचाळीस वेळा आला, त्यांतल्या अकरा वेळा मी घरी होतो. बाकी चौतीस वेळा मी वाळूजला कामावर, नाहीतर कुठल्या तरी शहरात गरम शॉवरखाली होतो.

म्हणून लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा ठरवलं, की हिला दोन दिवस बादली उचलू द्यायची नाही. साखळीचं एक हॉटेल आमच्या शहरातही होतं. वेरूळ-अजिंठ्याला येणारे परदेशी पाहुणे तिथं उतरत. दोन रात्रींपुरते पॉइंट जमलेले होते. तिला सांगितलं तर ती हसायलाच लागली.

"आपल्याच गावात लॉजवर राहायचं? शेजारणी म्हणतील, सासूनं दोघांना बाहेर काढलं."

"लॉज नाही, हॉटेल आहे. तुला दोन दिवस आराम."

"तिथं पाणी असतं?"

"चोवीस तास."

"मग जाऊ," ती म्हणाली. इतक्या पटकन ती कशालाच हो म्हणत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आईपाशी राहायला माझी बहीण दौलताबादहून आली. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघ्यांनी अधू. निघताना बायकोनं मोठी चाकाची सूटकेस घेतली. दोन रात्रींना एवढी कशाला, असं मी विचारलं. "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा चाललेय, साड्या नेऊ नकोत?" म्हणाली. सूटकेस उचलली तर हलकी होती. साड्या हलक्या असतील म्हटलं.

काउंटरवरच्या मुलीनं कार्ड पाहिलं आणि उभी राहिली. "अभिनंदन सर. आम्ही तुम्हाला वरच्या श्रेणीचा स्वीट दिलाय. मॅडमसाठी आत एक सरप्राइज आहे." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. चेन्नईत असं कुणी उभं राहिलं की बघायला कुणी नसायचं. आज बायको शेजारी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीवरून वाहणाऱ्या पाण्याच्या शोभेच्या पडद्याकडे बघत होती.

सरप्राइज न्हाणीघरात होतं. पांढरा टब काठोकाठ भरून ठेवलेला, वर गुलाबाच्या पाकळ्या.

"हे कुणी भरलं?"

"हॉटेलनं. लग्नाचा वाढदिवस म्हणून. कार्डात बसतं ते."

"आणि आपण नाय बसलो यात तर?"

"तर सोडून देतील."

टबात दोनशे लिटरच्या आसपास पाणी असावं. आमच्याकडे एवढं पाणी आठ दिवस पुरवायचं म्हणजे कसरत. तिनं आत हात घातला, वास घेतला. "सुगंधी साबण घातलाय. भांड्यालाबी चालायचं नाय," म्हणाली आणि पदराला हात पुसला. मग ती सूटकेस ओढत न्हाणीघरात घेऊन गेली आणि उघडली. आत दोन साड्या होत्या. त्यांच्याखाली गोडेतेलाचे पाच-पाच लिटरचे सहा रिकामे कॅन, धुऊन वाळवलेले, बुचं लावलेले.

"हे काय?"

"दिसत नाय? तीस लिटर." तिनं पहिला कॅन नळाखाली धरला. "आईंना डोक्यावरून न्हाऊन तेरा दिवस झाले. डोकं खाजवून खाजवून रडकुंडीला आल्यात. मी सांगून आलेय, परवा आल्या आल्या न्हाऊ घालते."

"शुक्रवारी टँकर येतोय ना."

"तुमचा टँकर मागच्या शुक्रवारीबी येणार व्हता."

ते खरं होतं. टँकरसाठी नंबर लावावा लागे आणि नंबर पुढं सरकतच नसे. जारवाला दिवसाला एक जार द्यायचा, तो पिण्यात नि स्वयंपाकात जायचा.

मी खोलीत येऊन बसलो. आत कॅन भरल्याचे आवाज येत होते; भरत आलं की आवाज बारीक होतो. अटींची अकरा पानं मी मनात उलटली. दोन बाटल्या पाणी लिहिलेलं होतं. नळाच्या पाण्याबद्दल कुठंच काही नव्हतं, ना नेण्याचं, ना न नेण्याचं. जिथं लिहिलेलं नाही तिथं विचारावं, ही माझी नोकरीतली सवय. तपासणीला गेलो की पुरवठादाराला मी हेच सांगायचो. चौथा कॅन भरत होता तेव्हा मी फोन उचलला.

"एक विचारायचं होतं. खोलीतलं नळाचं पाणी बाहेर नेलं तर चालतं का?"

"बाहेर म्हणजे कुठं सर?"

"घरी."

त्या मुलीनं खोलीचा नंबर पुन्हा विचारला. मग म्हणाली, "सर, मी मॅनेजर सरांना विचारते."

मला वाटलं फोन येईल. आला तो मॅनेजरच, टाय लावलेला, तिशीचा, बोलायला नम्र. हातात ट्रे, ट्रेमध्ये पाण्याच्या चार बाटल्या. न्हाणीघराचं दार उघडं होतं. सूटकेसमध्ये ओळीनं उभे केलेले सहा कॅन त्याला दिसले. बायको नळ बंद करून हातात सहावं बूच घेऊन तशीच थांबली होती.

"सर, तुम्ही आमचे सोनेरी सदस्य आहात," तो हळू आवाजात म्हणाला. "पण आम्हीही टँकरच घेतो. रेकॉर्डवर मला हो म्हणता येणार नाही." मग ट्रे सावरत म्हणाला, "सर, तुम्ही विचारलंत म्हणून मला नाही म्हणावं लागतंय."

मी म्हणालो, "बरोबर आहे तुमचं."

"गैरसोय झाली त्याबद्दल पाचशे पॉइंट जमा करायला सांगतो." बाटल्या टेबलावर ठेवून तो गेला. दार त्यानं फार हळू लावलं.

बायको बाहेर आली. "इचारायला कुणी सांगितलं व्हतं?"

"न विचारता नेणं म्हणजे..."

"म्हणजे काय? म्हणा की."

मी तो शब्द उच्चारला नाही. तिला तो ऐकू आला.

"डिसेंबरात पुण्याला दोन रात्री गेला व्हता, तवा कंपनीला इचारलं व्हतं का? वही मीच झटकते रोज. अठ्ठेचाळीस अधिक दोन, खाली रेघ. अडाणी समजता का मला?"

कंपनीच्या दोन रात्री मी गिळल्या होत्या आणि आता तीस लिटर पाण्यावर मी हरिश्चंद्र होऊन बसलो होतो. पण माणूस एकदा बरोबर आहे असं कुणापुढं म्हणून बसला, की मागं सरकत नाही. निदान मी सरकत नाही.

"त्यानं नाही सांगितलंय. ओतावं लागेल," मी म्हणालो.

"त्यो ओता म्हणाला का?"

"नेऊ नका म्हणाला. म्हणजे तेच."

"मी नाय ओतणार." ती खिडकीशी जाऊन पाठ करून बसली.

मग मी ओतलं. एकेक कॅन उचलून टबात. टब आधीच भरलेला, त्यामुळे जेवढं ओतावं तेवढं वरच्या भोकातून गुळगुळ करत जात होतं. पाकळ्या त्या भोकाशी गोळा झाल्या. हे पाणी कॅनमध्येच ठेवून दोन दिवस खोलीत वापरता आलं असतं, हे मला चौथा ओतताना सुचलं. तरी उरलेले दोन ओतले.

त्यानंतर त्या खोलीत ती आंघोळीला गेलीच नाही. बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं, तेही टॉवेल ओला करून. नाश्त्याला आली, जेवायला आली, माझ्याशी गरजेपुरतं बोलली. दुसऱ्या दिवशी खिडकीतून खालच्या तलावात पोहणाऱ्या दोन परदेशी बायकांकडे बराच वेळ बघत बसली. चल, घरी जाऊ, असं मी संध्याकाळी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "आता गेलो तरी पॉइंट परत मिळत नाहीत." तिनं मान हलवली. सकाळी मी उठलो तेव्हा तिची चप्पल नव्हती. ती रिक्षा करून घरी गेली होती. सूटकेस ठेवून गेली होती.

मी नाश्ता केला, चावी दिली, सूटकेस घेतली. आत ओले कॅन एकमेकांवर आपटत होते. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पुन्हा नक्की या सर." तिचं लक्ष सूटकेसकडे होतं, किंवा मला तसं वाटलं.

घरी पोचलो तर आई ओट्यावर खुर्चीत बसलेली. केस मोकळे सोडलेले आणि तेलानं चिंब. न्हायचं म्हणून बहिणीनं सकाळीच चांगलं अर्धी वाटी तेल जिरवलं होतं. बायको घरात येऊन दोन तास झाले होते, पण तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. ते काम तिनं माझ्यावर ठेवलं होतं.

"आलास? आन रे ती पेटी आत," आई म्हणाली. "तुझी बायको जाताना म्हणली व्हती, तीस लिटर आणते."

मी तिथंच ओट्यावर टेकून सगळं सांगितलं. पुण्याचं सोडून.

"त्या साह्यबाला इचारलंस व्हय?" शेवटी आई म्हणाली. "बरं केलंस. शाळंत बी तू असाच. सापडलेली पेन्सिल मास्तरला नेऊन द्यायचास. मास्तर खिशात घालायचा." आणि तेलकट केस वळून तिनं त्यांचा अंबाडा बांधायला घेतला. हात वर जात नव्हते, म्हणून बायकोनं येऊन बांधून दिला. माझ्याकडे दोघींनी पाहिलं नाही.

टँकर शुक्रवारी आला नाही, सोमवारी आला. ते चार दिवस आई उशीवर जुना टॉवेल टाकून झोपली. तेलाला धूळ चिकटून टॉवेल काळा व्हायचा आणि तो धुवायला वेगळं पाणी नव्हतं. सोमवारी बायकोनं तिला दोन बादल्या घेऊन न्हाऊ घातलं. मी बादली आणून देतो म्हणालो. "राहू द्या," म्हणाली.

कार्ड पुढच्या वर्षी चंदेरी झालं, मग निळं. राहिलेले पॉइंट मुदत संपून गेले. मी ते वापरले नाहीत आणि तिला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर तिनं त्याचं काय करायचं होतं? नळाच्या दिवशी मी आता शक्यतो घरी असतो, पिंप भरायला लागतो. तिची ना नसते. पण अधूनमधून मोरीत चार-पाच भरलेले कॅन दिसतात, नळ आलेला नसताना, टँकर आलेला नसताना. कुठून आणते ते मी विचारत नाही. ओट्याच्या पायऱ्यांवर माझी चाहूल लागली, की ती मोरीचं दार लोटून घेते.