दोन सरकारं आणि टेकडीवरची बस

श्री. एमलिन प्रॉथरो यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून आपल्या इथल्या, जर्मनीतल्या मराठी मंडळाने हा अंक काढायचं ठरवलं आणि पहिला लेख माझ्याकडे मागितला. मी चौथीपर्यंत शिकलेली. शुद्धलेखन मंडळातल्या मुलींनी तपासलं आहे, शब्द मात्र माझे आहेत. प्रॉथरो साहेब माझे व्याही. माझ्या मिलिंदची बायको कॅरिस ही त्यांची मुलगी. व्याह्याबद्दल चांगलं लिहायची पाळी आमच्या घराण्यात आजवर कोणावर आली नव्हती, ती माझ्यावर आली.

पहिली ओळख लग्नाच्या आदल्या दिवशीची, इस्लामपूरची. मुलीचे वडील वेल्समध्ये मंत्री आहेत, एवढं मिलिंदने सांगितलं होतं. वेल्स म्हणजे इंग्लंडला चिकटून असलेला छोटा डोंगराळ देश, भाषाही वेगळी. मंत्री कसा येतो ते आम्हाला ठाऊक. दिरांनी दारापुढचा रस्ता झाडून पाणी मारून घेतलं, खुर्चीवर टॉवेल टाकला, आणि आम्ही सगळे रस्त्याकडे बघत उभे. तेवढ्यात स्टँडकडून एक गोरे गृहस्थ खांद्याला पिशवी लावून चालत आले. डोक्यापासून पायापर्यंत धूळ. मला वाटलं, मिलिंदच्या ऑफिसातले कोणी असतील. मी हाताने खूण करून म्हटलं, "अहो, जरा बाजूला व्हा, मंत्री यायचेत." 'मंत्री' हा शब्द कॅरिसने त्यांना शिकवलेला होता. ते बाजूला झाले आणि आमच्याबरोबर रस्त्याकडे बघत उभे राहिले. कॅरिस बाहेर येऊन गळ्यात पडली तेव्हा आम्हाला कळलं. दिरांनी विचारलं, पुण्याहून गाडी नाही का मिळाली? तर म्हणाले, "मिळत होती. पण एसटीत माणसं जास्त होती."

त्यांच्या कामाबद्दल मी जे लिहिते ते कॅरिसकडून ऐकलेलं आहे, कारण स्वतःबद्दल ते बोलत नाहीत. ते मुळात शाळेत भूगोल शिकवत. मग आपल्या भागातून लंडनच्या संसदेत निवडून गेले, बरीच वर्षं विरोधात बसले, पुढे त्यांच्या पक्षाचं सरकार आलं तेव्हा उपमंत्री झाले. गाडी मिळाली, ड्रायव्हर मिळाला. त्यांच्या आई तेव्हा गावाकडे होत्या. गावाची संध्याकाळची बस बंद झाली होती आणि लंडनच्या मंत्र्याला आपल्या आईच्या गावची बस सुरू करता येत नव्हती. ते काम दुसऱ्या खात्याचं, दुसऱ्या टेबलाचं. आई म्हणाल्या, "मग तुझ्या ड्रायव्हरलाच सांग, वाटेत थांबून म्हाताऱ्यांना घेत जा."

पुढे वेल्सला स्वतःचं छोटं सरकार मिळालं, कार्डिफ शहरात. प्रॉथरो साहेबांनी लंडनची जागा सोडली आणि तिकडे उभे राहिले. आपल्याकडे दिल्लीतून राज्यात पाठवलं तर माणूस वर्षभर तोंड पाडून हिंडतो. हे स्वतःहून गेले. लंडनचे मित्र हसले. त्या नव्या सभागृहाला तेव्हा मोठे कायदे करायचा अधिकारही नव्हता, प्रत्येक गोष्ट लंडनला विचारायची. पण वाहतूक खातं यांच्याकडे आलं आणि डोंगरापलीकडच्या गावांना संध्याकाळच्या बस मिळाल्या. दर शुक्रवारी ते त्याच बसने घरी जात. कॅरिस म्हणते, लोक त्यांना मंत्री म्हणून कमी आणि तक्रारवही म्हणून जास्त ओळखत.

पत्नी गेल्यावर त्यांनी राजकारण सोडलं आणि मुलीजवळ राहायला जर्मनीत आले. आमचं गाव बाड हॉम्बुर्गच्या पलीकडे, आमची वस्ती टेकडीवर. त्यांनी आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मीही तेव्हा नुकतीच आले होते. मिलिंदच्या कागदांवर मला इथे राहू देत नव्हते, ब्रिटन तेव्हा युरोपीय संघात होतं, कॅरिस तिथली म्हणून तिच्या सासूला राहू दिलं. जगभर सुना सासूच्या घरात राहतात, मी सुनेच्या पासपोर्टवर राहते. तेव्हापासून मी तोंड जरा आवरतं घेतलं आहे.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घरात दिवसभर कोणी नसे. व्याहीबुवा घड्याळ लावून यायचे, हात धुवायचे, डोळ्यात औषध घालायचे आणि मग बसून लसूण सोलायचे. मी मोडकंतोडकं इंग्रजी बोलायची, ते तीनचार मराठी शब्दांत उत्तर द्यायचे. 'विहीणबाई' एवढं मात्र स्वच्छ म्हणतात. लसूण वाईट सोलतात, निम्मा सालीबरोबर जातो. गौरव अंक असला तरी खरं ते लिहिलं पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. आमच्या टेकडीवर एकच बस येते, ती खाली एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकल गाडीच्या, स्टेशनपर्यंत जाते. नगरपालिकेने ठरवलं की प्रवासी थोडे, बस बंद. मला गाडी चालवता येत नाही, गुडघे चढ चढू देत नाहीत. मिलिंद म्हणाला, "आई, मी शनिवारी नेत जाईन ना तुला." मी म्हटलं, "मी काय किराणा आहे, शनिवारी न्यायला आणायला?" आणि सांगून टाकलं की बस गेली तर मी इस्लामपूरला परत जाणार. ते काही रागाच्या भरात म्हटलं नव्हतं. चार भिंतींत बसायचं तर माझ्या स्वतःच्या भिंती आहेत तिकडे.

व्याहीबुवांनी ऐकून घेतलं. चार दिवसांनी कळलं, ते निवडणुकीला उभे आहेत. इथे परदेशी रहिवाशांची एक समिती असते, आपणच तिला मत देतो. ती नगरपालिकेला विचारू शकते, सुचवू शकते, हुकूम देऊ शकत नाही. मिलिंद म्हणाला, "बाबा, त्या समितीला काही अधिकार नाहीत." ते म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. मला त्याचीच सवय आहे."

प्रचाराला मंडळातल्या आम्ही बायका निघालो. साहेबांचा नियम एकच होता: दारातच बोलायचं, आत जायचं नाही. आपल्या लोकांत हा नियम पाळायचा कसा? पहिल्या संध्याकाळी जेमतेम तीन घरं झाली आणि तिसऱ्या घरातून तर आम्ही जेवून निघालो. दुसऱ्या दिवशी मी अक्कल लढवली, प्रत्येक दारात सांगितलं की माझा उपास आहे. पहिल्याच घरात साबुदाण्याची खिचडी टाकली. साहेब दारात उभे होते, त्यांनाही बशी मिळाली. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. प्रत्येक घरी म्हणायचे, "चहा मतदानानंतर, माझ्या घरी." लोकांना वाटलं, पुढारी बोलतो तसं बोलले. ते निवडून आले आणि दुसऱ्याच दिवशी खरंच सगळ्यांना चहाला बोलावलं. जिन्यापर्यंत रांग होती. चहा पाणचट होता.

मग त्यांनी नगरपालिकेत वाहतूक बघणारे हेर केर्न (हेर म्हणजे इथलं 'श्रीयुत') यांना निमंत्रण दिलं: सभा टाउन हॉलमध्ये नको, आमच्या बसमध्ये घेऊ, एका मंगळवारी सकाळी. मी लगेच मंडळातल्या सगळ्यांना निरोप धाडले की त्या दिवशी बस खचाखच भरा. साहेबांना कळलं तसे वर आले आणि कधी नव्हे ते चिडले. म्हणाले, रोज बसतात तेवढेच बसतील.

मी म्हटलं, "मग रिकामी बस दाखवून बंद करून घ्यायची का?"

"विहीणबाई, ते बुधवारीही येऊन बघतील. बुधवारी कुठून आणाल?"

मला पटलं नाही. परत जायचं माझ्या नशिबी येणार होतं, त्यांच्या नाही. पण निरोप फिरवले.

मंगळवारी आम्ही सातआठ जण होतो. हेर केर्न यांनी सगळ्या रिकाम्या खुर्च्या नीट बघून घेतल्या. मग साहेबांनी त्यांना एकेकाशेजारी बसवलं. कोणी काय बोलायचं हे कोणाला सांगितलं नव्हतं. एक जर्मन बाई आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात. एक तुर्की बाई ऑफिसं साफ करायला जात. माझ्याजवळ आल्यावर हेर केर्न यांनी विचारलं, आपण कुठे जाता? बरोबर आलेली कॅरिस मला ते मराठीत सांगायला लागली, मी म्हटलं, कळलं मला. खोटं बोलावं असं फार वाटलं, दवाखाना म्हणावं, काहीतरी म्हणावं. साहेब माझ्याकडे बघत होते. मी माझ्या जर्मनमध्ये सांगितलं, कुठेच नाही. खाली जाते, बाकावर बसते, माणसं बघते, परत येते.

मला वाटलं, घालवली बस. हेर केर्न यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं की... माझी आई खिडकीत बसून असते. तिच्याकडे बस जात नाही."

लगेच काही झालं नाही. त्यानंतर साहेब दर महिन्याला समितीच्या सभेत तोच प्रश्न नम्रपणे विचारत राहिले, आणि प्रत्येक वेळी हेर केर्न यांचे आभार मानत राहिले. आभार कसले, मला कळेना. शेवटी ठरलं: मोठी बस जाईल, तिच्या जागी छोटी येईल, तासाला एक, शनिवारी दुपारपर्यंत. मी बांधायला काढलेली बॅग कॅरिसने न विचारता माळ्यावर टाकली.

पहिल्या दिवशी पेपरवाले आले. फोटो छापून आला तो हेर केर्न यांचा, बसच्या दाराशी, हसताना. खाली त्यांचंच नाव. व्याहीबुवांचं नाव कुठेच नाही. मी पेपर घेऊन खाली गेले. म्हटलं, "अहो, दोन सरकारांत मंत्री होतात ना तुम्ही? केलं तुम्ही आणि हार दुसऱ्याच्या गळ्यात. एवढंही कळत नाही?"

ते फोटो बघून खूश झाले. म्हणाले, "विहीणबाई, आता ही बस त्यांची झाली. स्वतःची बस कोण बंद करतं?"

त्याला आता बरेच दिवस झाले. बस चालू आहे आणि मी इथेच आहे. माझ्या जिभेचा त्रास ज्यांना होतो त्यांनी प्रॉथरो साहेबांकडे तक्रार करावी.

अशा लेखाच्या शेवटी शंभर वर्षांचं आयुष्य मागतात. नुसती वर्षं घेऊन माणूस काय करणार? मी मागते की व्याहीबुवांचे गुडघे, कान आणि पोट शाबूत राहोत, मनात कुढायला त्यांना सवड न मिळो, आणि त्यांच्या दाराला कडी कधी न लागो. दवाखान्याकडे उतरणारा रस्ता हिवाळ्यात अजून घसरडा होतो. पायऱ्यांना कठडा नाही. समितीत मी परवा तो विषय त्यांच्या नावावर लिहायला लावला आहे. ते काम होईपर्यंत म्हातारं व्हायला मी त्यांना परवानगी देत नाही, आणि ते झालं की दुसरं काढीन.