धोंड्याच्या वाणात गेलेला गेम

ताईच्या मुलाचा परवा फोन आला. हातात धरून खेळायचा गेम घेतलाय, आणि त्याला जुन्या धाटणीचे खेळ हवेत. "मावशी, पप्पा म्हणाले तुला विचार, तुला त्यातलं कळतं." पप्पा म्हणाले म्हणे! मी सांगितलं, मारामारीचे सोड. ज्यात आपण कुणीतरी होऊन गावोगाव हिंडतो, माणसांशी बोलतो, कोडी सोडवून दारं उघडतो, तसले घे. आणि दोघांचा खेळ वेगवेगळा राखून ठेवता येतो का, तेवढं बघून घे. हे शेवटचं त्यानं फारसं मनावर घेतलं नसावं.

माझ्या गेममध्ये खेळ राखून ठेवायला एकच जागा होती.

नव्वदीतली गोष्ट. मस्कतला नोकरीला असलेल्या मामानं, मी वर्गात पहिली आले म्हणून, मला तो आणला. आमच्या सणसर गावात तसली वस्तू दुसऱ्या कुणाकडं नव्हती. सोबत दोन कॅसेट होत्या. विटा रचायची कॅसेट घरात सगळेच खेळायचे. कोड्यांची माझी एकटीची. त्यात सुरुवातीलाच नायकाचं नाव विचारलं जायचं, मी बिनधास्त माझं घातलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजी वाक्यं लावायची, दगड ढकलून वाटा मोकळ्या करायच्या. पेन्सिल सेल उतरले की पत्र्यावर उन्हात टाकायचे आणि तोवर पुढचं कोडं डोक्यात सोडवायचं. वर्षभर खपून मी शेवटच्या दारापाशी पोचले होते.

त्या साली अधिक महिना आला. नुकतंच लग्न झालेली ताई आणि दाजी बारामतीहून धोंड्याच्या जेवणाला आले. पुरणाचे धोंडे झाले, अनारशांचं वाण झालं. मग दाजी लोडाला टेकले आणि माझा गेम हातात घेऊन म्हणाले, "काय मेव्हणीबाई, ह्यातला भारी कुठला?"

मला असं कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी हुरळून गेले. तो नायक, ती कोडी, राहिलेलं एकच दार, सगळं रंगवून सांगितलं. दाजी मान डोलवत होते. ते बघून आबा, आमचे वडील, म्हणाले, "आवडला व्हय, पाव्हणं? मग न्या की."

"आबा, माझा हाय तो!"

आईनं दंडाला धरून मला आत नेलं. "गप बस. धोंड्याच्या जावायानं हात लावलेलं माघारी मागत्यात व्हय?"

दाजी "कशाला, कशाला" म्हणाले आणि पिशवीत टाकून घेऊन गेले. ताई एक अक्षर बोलली नाही. तिचा मला दाजींपेक्षा जास्त राग आला, अजूनही येतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी बारामतीला गेले ती फक्त त्या दारासाठी. माझा खेळ आत शाबूत असेल, एका दुपारी दार उघडून मोकळी होईन, असं वाटत होतं. टीव्हीवर पडलेला गेम धूळ झटकून घेतला आणि चालू केला. नायकाला दाजींचं नाव होतं. माझं सगळं वर्ष पुसून त्यांनी नव्यानं सुरुवात केली होती, आणि ते पहिल्याच गावाच्या वेशीत अडकले होते.

"त्याच्या फुडं जाताच येत न्हाय," दाजी मागून म्हणाले. "कसं जायचं गं?"

वेशीतला दगड नुसता डावीकडे ढकलायचा होता.

"मला न्हाय म्हायत, दाजी," मी म्हणाले.