डावऱ्या हाताचा मोर

वर्तकनगरात आमच्या गेटसमोर एका सुतारकाकांचं कोरीवकामाचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात आता नक्षीचं मशीन आलंय. दिवसभर नुसती घरघर, मला तर चीड येते. काका मात्र लाकडी मोगरीचे हलके ठोके देत पटाशीशी बोलत बसतात, "जा रे, पुढे जा. बस, बस." भुसा फुंकायच्या आधी चष्मा कपाळावर चढवायचा, हे ठरलेलं.

गणपतीआधी मी आईचा सागवानी देव्हारा त्यांच्याकडे नेला. लहानपणी आरतीच्या वेळी मी देवांपेक्षा त्याच्यावरच्या दोन मोरांकडेच बघायचो. आता त्यातला एकच उरला होता, दुसरा कधीतरी तुटून गेलेला.

त्यांनी उरलेल्या मोराच्या पिसांवरून अंगठा फिरवला आणि थांबले.

"हा कुठून घेतलेला?"

"कल्याणहून. आईच्या लग्नानंतर लगेच."

"माझ्या बापाचा हात आहे हा. बघा ना, सगळे काप उलट्या बाजूने आलेत. डावरा होता तो."

चार दिवसांनी गेलो, तेव्हा नवा मोर अजून अर्धाच झाला होता. मोगरी त्यांनी डाव्या हातात धरली होती. ठोके चुकत होते, आणि पटाशी धरलेल्या उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी होती.

"काका, नेहमीच्या हाताने एव्हाना झाला असता की!"

"झाला असता ना," ते मान वर न करता म्हणाले. "पण मग बाप काम अर्ध्यावर टाकून उठून गेल्यासारखं दिसलं असतं."